मुक्त कार्यप्रणाली आणि नवशिक्या : एका संक्रमणाचा इतिहास

साक्षरता ही एकदा प्राप्त झाली की ती कायमची पदरी पडते, असा सर्वसाधारण समज आहे. मराठी लेखनाचा इतिहास मात्र या समजाला पुष्टी देत नाही. मोडीत झरझर लिहिणाऱ्या लेखनिकाला बाळबोध लिपीचा अवलंब करावा लागला, तेव्हा त्याची भाषा तीच होती आणि सांगावयाचा मजकूरही तोच होता. बदलावे लागले ते हाताचे वळण. अनेक वर्षांच्या सरावाने जी कृती नकळत घडत होती ती पुन्हा जाणीवपूर्वक करावी लागली. संगणकाची एक कार्यप्रणाली, म्हणजे रूढ भाषेत ऑपरेटिंग सिस्टिम, सोडून दुसरी स्वीकारणारा मनुष्य याच अवस्थेतून जातो. त्याला निरक्षर म्हणता येत नाही, कारण त्याचे काम त्याला उत्तम येत असते. तथापि फाईल कोठे ठेवली गेली, छपाईयंत्र का चालत नाही, मराठी अक्षरे कोणत्या कळीने उमटतात, अशा प्रश्नांपुढे तो काही काळ बालवर्गात बसतो. प्रथमच शिकणारा एक आणि शिकलेले बाजूस सारून पुन्हा शिकणारा दुसरा, असे नवशिक्यांचे हे दोन वर्ग होत. त्यांतील भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

मुक्त कार्यप्रणालीच्या बाबतीत या अवस्थेला आणखी एक पदर आहे. लिनक्ससारखी प्रणाली वापरणाऱ्यास तिची मूळ आज्ञावली वाचण्याचे, बदलण्याचे व इतरांस देण्याचे स्वातंत्र्य देते. पण नवशिक्याला ती आज्ञावली वाचताच येत नाही. मग जे स्वातंत्र्य त्याला वापरता येत नाही त्याचा त्याला उपयोग काय? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ संपले. तिच्या पुढील आवृत्तीसाठी विशिष्ट सुरक्षासोय अवश्य असल्यामुळे सुस्थितीतील पुष्कळ जुने संगणक अधिकृतपणे अपात्र ठरले. त्यामुळे हा प्रश्न आता तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. त्याचे उत्तर इतिहासाच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. 'मुक्त' या शब्दाचा अर्थ

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली. या घोषणेची पार्श्वभूमी सांगताना त्यांनी एका छपाईयंत्राचा उल्लेख वारंवार केला आहे. जुन्या यंत्रात कागद अडकला की ज्यांचे काम खोळंबले असेल त्यांना संगणकावरून सूचना मिळावी, अशी सोय त्यांनी आज्ञावलीत फेरफार करून केली होती. नव्या यंत्राची आज्ञावली मात्र मिळू शकली नाही. यंत्र समोर होते, दोष ठाऊक होता, दुरुस्त करणारा हातही तयार होता. नव्हता तो केवळ अधिकार.

या अनुभवातून पुढे चार स्वातंत्र्यांची मांडणी झाली : कार्यक्रम कोणत्याही हेतूने चालवणे, त्याचा अभ्यास करून तो बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. या चारांपैकी पहिले व तिसरे नवशिक्याच्या हाती थेट येतात. दुसरे व चौथे त्याच्या नावावर जमा असतात, पण ती वापरतो तो दुसराच कोणी तरी. ही विभागणी ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व इतिहास या दुसऱ्या व चौथ्या स्वातंत्र्याचे फळ नवशिक्यापर्यंत कसे पोचले याचा आहे.

येथे एक भाषिक बाब नमूद करण्यासारखी आहे. इंग्रजीतील 'फ्री' हा शब्द मोफत आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ वाहतो. त्यामुळे चळवळीच्या पुरस्कर्त्यांना आपला अर्थ पुनःपुन्हा स्पष्ट करावा लागला. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' ही संज्ञा पुढे आली, तिच्या कारणांपैकी ही संदिग्धता एक होती. मराठीस ही अडचण नाही. 'फुकट' आणि 'मुक्त' हे शब्द मुळातच निराळे आहेत. पण शब्द निराळे असले तरी अनुभव निराळा झाला असे नाही. आपल्याकडे पैसे न देता नकललेल्या विंडोजचा वापर दीर्घकाळ सर्रास चालत आल्यामुळे, फुकटपणा हे मुक्त प्रणालीचे वैशिष्ट्य म्हणून सामान्य माणसाच्या डोळ्यांत भरलेच नाही.

२. तज्ज्ञांचे दशक

हेल्सिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लायनस टॉरव्हल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या प्रणालीचे सूतोवाच केले. १९९२ मध्ये तिचा गाभा ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आला. हा गाभा आणि ग्नू प्रकल्पाची साधने यांच्या जोडीने संपूर्ण मुक्त प्रणाली शक्य झाली. पण गाभा आणि साधने सुटी मिळून सामान्य माणसाचे काम भागत नाही. ती एकत्र बांधून देणाऱ्या संचांना 'वितरण' अशी संज्ञा पडली. १९९२ मधील एका आरंभीच्या वितरणाचे नाव 'सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम' असे होते. डॉस ही प्रणाली सोडून येणाऱ्यास सुखरूप जमिनीवर उतरवण्याचे आश्वासन त्या नावातच होते. १९९३ मध्ये स्लॅकवेअर व डेबियन ही वितरणे निघाली. ती दोन्ही आजतागायत चालू आहेत.

उतरणे मात्र फारसे सुखरूप नव्हते. फ्लॉपी तबकड्यांची चळत एकामागून एक यंत्रात घालावी लागे. जुनी प्रणाली राखून नवीसाठी जागा करावयाची तर डिस्कचे विभाग पाडावे लागत, आणि त्यात चूक झाली तर जुना मजकूर गमावण्याचा धोका असे. चित्रमय पडदा हवा असल्यास पडद्याच्या कंपनसंख्येचे आकडे स्वतः भरावे लागत. चुकीच्या आकड्यांनी पडदा बिघडू शकतो, अशी ताकीद मार्गदर्शिकांतून दिलेली असे. त्या मार्गदर्शिका परिश्रमपूर्वक लिहिलेल्या होत्या, यात शंका नाही. पण काय शोधावयाचे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्यांतून उत्तर सापडे. कोशातला शब्द शोधण्यासाठी शब्दाचे स्पेलिंग आधी यावे लागते, तसाच हा प्रकार होता.

भारतात या काळी इंटरनेटची गती अत्यल्प असल्यामुळे प्रणाली मिळवणे हाच पहिला अडसर होता. 'पीसीक्वेस्ट' या इंग्रजी मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी देण्यास आरंभ केला, आणि मुंबई, पुणे, बंगळूर यांसारख्या शहरांत लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे उभी राहिली. या मंडळांच्या बैठकांत नवागताचा संगणक समोर ठेवून त्यावर प्रणाली बसवून देण्याची प्रथा होती. दुसऱ्याच्या ज्ञानावर नवशिक्याचे पाऊल पडते, याचे हे पहिले स्पष्ट रूप होय.

३. नवशिक्याचा शोध

वापरणारा आणि प्रणाली घडवणारा हे एकच नव्हेत, ही जाणीव ऑक्टोबर १९९६ मध्ये ठळकपणे व्यक्त झाली. ट्युबिंगेन येथील विद्यार्थी माथियास एट्रिख यांनी केडीई या प्रकल्पाची घोषणा करताना आपला रोख प्रणालीच्या व्यवस्थापकाकडे नसून अखेरच्या वापरकर्त्याकडे आहे, असे सांगितले. एका कार्यक्रमाची सूची एका ढंगाची, दुसऱ्याची निराळी, अशी विसंगती दूर करून सर्व पटलाला एकरूपता द्यावी, हा त्यांचा हेतू होता.

परंतु केडीई ज्या 'क्यूटी' नामक सामग्रीवर उभारले गेले तिचा परवाना त्या वेळी पूर्णतः मुक्त नव्हता. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना या मेक्सिकोतील तरुणांनी जीनोम हा दुसरा प्रकल्प आरंभला. क्यूटीचा परवाना २००० मध्ये बदलला आणि वादाचे मूळ कारण उरले नाही. पटले मात्र दोन राहिली. स्वातंत्र्याच्या आग्रहाने नवशिक्याला एक भेट दिली आणि तिच्याबरोबर एक ओझेही दिले. कोणते पटल घ्यावे, कोणते वितरण घ्यावे, हा निवडीचा भार प्रणालीत प्रवेश करण्यापूर्वीच त्याच्या शिरावर येऊ लागला. ज्याला भेद कळत नाहीत त्याच्यापुढे पर्याय ठेवणे म्हणजे त्याला स्वातंत्र्य देणे होय काय, हा प्रश्न या क्षेत्रात आजही मिटलेला नाही.

पुढील दोन घटनांनी हा भार हलका केला. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्स या वितरणाने २००० पासून सीडीवरूनच चालणारी प्रणाली लोकप्रिय केली. संगणकाच्या डिस्कला हात न लावता ती चालवून पाहता येई, आणि सीडी काढली की जुनी प्रणाली जशीच्या तशी असे. भीतीचे मूळ कारण येथे नाहीसे झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने उबुंटू निघाले. एका कामासाठी एकच निवडक कार्यक्रम, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि मागणी करणाऱ्यास टपालाने विनामूल्य सीडी, अशी त्याची रीत होती. ही टपालसेवा २०११ पर्यंत चालली. झुलू, खोसा इत्यादी भाषांतील 'उबुंटू' या शब्दाचा आशय इतरांविषयीची माणुसकी असा सांगितला जातो. वितरणाचे हे नाव केवळ आलंकारिक नव्हते. निवड करण्याचे कष्ट नवशिक्याच्या वतीने दुसऱ्याने उचलावे, हे तत्त्व त्या वितरणाच्या रचनेतच होते.

४. तीन सार्वजनिक प्रयोग

व्यक्तीने प्रणाली बदलणे आणि संपूर्ण समाजघटकाने ती बदलणे यांत अंतर आहे. या दुसऱ्या प्रकारची तीन उदाहरणे परस्परांशी ताडून पाहण्यासारखी आहेत.

स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा हा प्रांत त्या देशातील गरीब प्रदेशांपैकी एक. तेथील शासनाने २००२ मध्ये डेबियनवर आधारित 'लिनेक्स' हे वितरण सिद्ध केले आणि शाळांतून दोन विद्यार्थ्यांमागे एक संगणक हे उद्दिष्ट ठेवले. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधणारी गोष्ट अशी की, कार्यक्रमांना तेथे स्थानिक नावे देण्यात आली : चित्रे करण्याच्या कार्यक्रमास त्या प्रांतात जन्मलेला चित्रकार सुर्बारान याचे, तर लेखनाच्या कार्यक्रमास कवी एस्प्रोन्सेदा याचे नाव मिळाले. परक्या आद्याक्षरांच्या जागी ओळखीचे नाव आले, म्हणजे वस्तू अर्धी आपली झाली. या वितरणाचा स्वतंत्र विकास पुढे थांबला. तथापि नामकरण हा परिचयाचा पहिला टप्पा असतो, हे या प्रयोगाने दाखवले.

जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये सुमारे १४,००० संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरवले. काम २०१३ पर्यंत पुरे झाल्याचे जाहीर करण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मात्र नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय प्रणालीच्या दोषामुळे की राजकारणामुळे, याविषयी मतभेद आहेत. निर्विवाद गोष्ट एवढीच की, येथील कर्मचारी दुसऱ्या वर्गातले, म्हणजे पुन्हा शिकणारे नवशिके होते. बाहेरील कार्यालयांशी होणारा कागदपत्रांचा व्यवहार जुन्याच नमुन्यांत चालू होता. आणि पालिकेची संगणकव्यवस्था अनेक विभागांत विखुरलेली होती. ज्याच्या भोवतीचे सर्व जग जुनी भाषा बोलते, त्याच्या नव्या भाषेला रोजच्या रोज कसोटीला उतरावे लागते. याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी तशाच मार्गाचा निर्णय केला. म्हणजे म्युनिकच्या अनुभवाने प्रश्न निकालात निघाला, असे म्हणता येत नाही.

तिसरे उदाहरण केरळचे. तेथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आले. येथील विद्यार्थी पहिल्या वर्गातले नवशिके होते. त्यांना काहीच विसरावयाचे नव्हते. लिनक्स हाच त्यांचा पहिला संगणक होता. पुन्हा शिकण्याचे कष्ट शिक्षकांच्या वाट्याला आले, आणि त्यांच्या प्रशिक्षणावर प्रकल्पाने विशेष भर दिला. मल्याळम लिपीसाठी स्वयंसेवकांचा गट २००२ पासूनच काम करीत होता. प्रकल्पाचे रूपांतर २०१७ मध्ये स्वतंत्र शासकीय कंपनीत झाले. मध्यस्थ शिक्षक आणि स्वतःच्या लिपीची तयारी या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे हा प्रयोग टिकला, असा निष्कर्ष काढता येतो. महाराष्ट्रात २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकाची ओळख करून दिली. पण ती मुख्यत्वे विंडोजवर असल्यामुळे, मुक्त प्रणालीकडे वळणारा मराठी माणूस बहुधा दुसऱ्या वर्गातला नवशिक्या असतो.

५. मराठी नवशिक्याची कसोटी

या मराठी नवशिक्यापुढे अक्षरांचा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहिला. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टची संकेतपद्धती परस्परांहून भिन्न होती. एका फॉन्टमध्ये लिहिलेला लेख दुसऱ्या फॉन्टमध्ये निरर्थक चिन्हांची रास होई. टंकलेखनाची साधने प्रायः विंडोजसाठीच होती. त्यामुळे प्रणाली बदलणे म्हणजे आपल्याच जुन्या लेखनाला पारखे होणे, असा व्यवहार होऊन बसला. येथे पणाला लागलेली वस्तू संगणक नव्हती. प्रबंध, हस्तलिखितांच्या नकला, शब्दसूची असा वर्षानुवर्षांचा लेखनसंचय होता.

इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने भारतीय लिपींसाठी इस्कीच्या १९८८ मधील रूपाची मांडणी स्वीकारली. अशा रीतीने सामायिक संकेत उपलब्ध झाले, तरी अक्षर पडद्यावर उमटण्यासाठी फॉन्ट आणि जोडाक्षरे घडवणारी यंत्रणा लागते. या कामी मुंबईतील सुलेखनकार प्राध्यापक र. कृ. जोशी यांचे कार्य उद्बोधक आहे. विंडोजमधील 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्या आरेखनातून आला. आणि मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातर्फे मुक्त परवान्याखाली आलेला 'रघुहिंदी' हाही त्यांचाच. हात एक, लिपी एक, परवाने दोन. मंगलमध्ये लिहिलेला लेख लिनक्सवर उघडला तर तो फॉन्ट तेथे नसतो. प्रणाली दुसरा फॉन्ट योजते आणि ओळी भलतीकडे तुटतात. नवशिक्या म्हणतो, लिनक्सला मराठी येत नाही. वास्तविक त्याला जाणवणारा अडथळा मराठीचा नसून परवान्याचा असतो.

याच काळात इंडलिनक्स या स्वयंसेवी प्रकल्पाने भारतीय भाषांचे काम हाती घेतले. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने घडवलेले 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. अक्षरजोडणीची यंत्रणाही विकसित होत गेली. आज सर्वत्र रूढ असलेल्या तिच्या मुक्त रूपाचे नाव 'हार्फबझ' असे आहे. त्यातील फारसी 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुला.

मराठीच्या दृष्टीने खरी परीक्षा बारकाव्यांत होती. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोड्यांत रफार व अर्धा ऱ यांच्या भेदाने अर्थ पालटतो. प्रचलित हिंदी लेखनाला या भेदाची गरज पडत नाही. म्हणून केवळ हिंदीवर पारखलेल्या यंत्रणेत हा दोष लक्षातच येत नाही. तो मराठी वाचणाऱ्यालाच दिसतो. शिवाय युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते : 'ऱ' आणि हलन्त यांच्या योगाने, किंवा 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या योगाने. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाला दोन वाटतो, आणि एका रीतीने लिहिलेला 'दुसऱ्या' दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. 'ॲ' या स्वराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. मराठी वळणाचे 'ल' व 'श' शासननिर्णयाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रमाण ठरले.

अशा ठिकाणी मुक्त परवान्याचे महत्त्व प्रत्ययास येते. आज्ञावलीतील एक ओळही न वाचणारा मराठी वाचक 'येथे अक्षर चुकते' एवढे निश्चित सांगू शकतो. बंदिस्त प्रणालीतही तो तसे सांगू शकतो, पण तेथे दुरुस्तीचा अधिकार एकाच धन्याकडे असतो. मुक्त प्रणालीत जगातील कोणीही जाणकार ती दुरुस्ती करू शकतो. अर्थात 'करू शकतो' याचा अर्थ 'करतोच' असा नव्हे. स्वयंसेवकाचा उत्साह ओसरला की भाषांतर अर्धवट राहते, आणि नवे शब्द इंग्रजीतच दिसू लागतात. भाषांतरकारांपुढे परिभाषेचा पेचही होता : कचेरीत रुळलेली 'फाईल' ठेवावी, की 'संचिका' किंवा 'नस्ती' हा शासकीय शब्द घ्यावा? जो आधी इंग्रजी सूचीवर शिकला त्याला मराठी सूची परकी वाटण्याचा संभव असतो. मातृभाषेतील पटलावर मातृभाषकच पुन्हा नवशिक्या ठरावा, हा विरोधाभास अभ्यासनीय आहे.

६. उपसंहार

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, मुक्त कार्यप्रणालीचे दुसरे व चौथे स्वातंत्र्य नवशिक्या स्वतः वापरीत नसला तरी त्याचे फळ त्याला मध्यस्थांमार्फत मिळते. शिक्षक, वितरण बांधणारे, फॉन्ट घडवणारे आणि भाषांतरकार हे ते मध्यस्थ होत. दुसरी ही की, प्रथम शिकणाऱ्यापेक्षा पुन्हा शिकणाऱ्याची वाट अधिक बिकट असते, कारण त्याच्या सवयी आणि त्याचा लेखनसंचय दोन्ही त्याला मागे ओढतात. म्हणून आपले लेखन आधी युनिकोडमध्ये आणणे, नंतर प्रणाली न बसवता ती चालवून पाहणे, आणि मगच स्थलांतर करणे, हा क्रम अनुभवाला धरून आहे. तिसरी गोष्ट अशी की, मराठी वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हे स्थलांतर नकळत केलेलेच आहे. अँड्रॉइड दूरध्वनीचा गाभा लिनक्स आहे, आणि त्यावरील मराठी जोडाक्षरे हार्फबझ घडवते.

ऱ आणि रफार यांचा भेद जाणणारा, 'ॲ'चे स्थान ओळखणारा आणि परिभाषेचे तारतम्य ठेवणारा अभ्यासक मराठीच्या विद्यापीठीय विभागांतच घडतो. त्याने आज्ञावली लिहिण्याची आवश्यकता नाही. चूक कोठे आहे आणि ती चूक का आहे, एवढे त्याने नेमके नोंदवले तरी एका अनोळखी नवशिक्याचे काम सुकर होईल. पहिल्या छपाईयंत्रापाशी दोष दिसत होता आणि अधिकार नव्हता. मराठीच्या बाबतीत आज अधिकार आहे. दोष पाहणारे डोळे मात्र अजून पुरेसे लाभलेले नाहीत.